वासराने काय ऐकलं

जहांगीरचा वस्तरा सहदेव तायड्यांच्या उजव्या गालावरून खाली उतरला, हनुवटीला वळसा घालून थांबला, आणि जहांगीरने विचारलं, "भाऊ, हे हूं हूं काय व्हय?"

"कायचं हूं हूं?"

"आत्ता केलं न तुमी. 'थांब, वासरा, ऐक जरासे' म्हनले, अन् मंग हूं हूं हूं हूं. दर ऐतवारी या टायमाले माहा वस्तरा तुमच्या वरच्या ओठावर राहे, म्हनून मले वाटे, बिचाऱ्याचं तोंड बंद हाय. आजपासून मिशी ठेवतो म्हनले तुमी, म्हनून मी ओठाले हातच नाई लावला. मंग आज हूं हूं काऊन?"

सहदेवरावांनी आरशात पाहिलं. उजवा गाल लख्ख, डावा गाल फेसाने भरलेला, आणि मध्ये कोवळी पांढरी मिशी. त्यांनी ओळ सांगायला तोंड उघडलं. ओळ आली नाही. त्यांनी पुन्हा मागून सुरुवात केली.

"सांज उतरली, गाव दिसेना,
वाट हरवली धुक्यात सारी,
थांब, वासरा, ऐक जरासे..."

आणि पुढे हूं हूं हूं हूं.

दाढीला बसलेला माणूस कविता कशाला म्हणत होता, हे आधी सांगायला हवं. सहदेव तायडे उभा जन्म वीज मंडळात लाइनमन होते आणि कविता पाठ करणं हा त्यांचा एकुलता एक शौक होता. परीक्षा नाही, बक्षीस नाही, ऐकणारा मागे लागलेला नाही, तरी त्यांना कविता पाठ करायच्या असत. शेगावच्या रद्दीवाल्याकडून ते जुनी क्रमिक पुस्तकं आणत आणि दुसऱ्या कुणी पेढे खावेत तशा चवीने त्यातल्या कविता वाचत; स्वतःच्या चौथीचं पुस्तक मात्र कधी हाती लागलं नव्हतं. खांबावर चढले की मोठ्याने म्हणत. खालचं देऊळघाट गाव त्यावरून अंदाज बांधी. छोटं भावगीत सुरू झालं तर लोक पंख्याखाली जाऊन बसत, आणि लांबलचक कथाकाव्य सुरू झालं तर समजत की डीपी जळाली, आज काही खरं नाही, आणि बाज उचलून लिंबाखाली नेत.

रिटायर झाल्यावर खांब सुटला. उरली ती जहांगीरची खुर्ची. दर रविवारी सकाळी सहदेवराव त्या खुर्चीत बसून चौथीतली गुराख्याची कविता म्हणत आणि जहांगीरचा हात त्या कवितेच्या चालीवर चाले. शेवटच्या ओळीला शेवटचा हात. वर्षानुवर्षांचा हा हिशेब होता. मध्ये एकदा सहदेवरावांचा घसा बसला होता, तेव्हा जहांगीरने मुकाट्याने दाढी केली होती. त्याची खूण त्यांच्या कानाच्या पाळीवर अजून आहे.

"तू सांग न," सहदेवराव म्हणाले. "इतकी वर्सं ऐकून राह्यला तू."

"मी शब्द नाई ऐकत, भाऊ. मी उर्दू शाळेतला. मी निस्ती तुमची चाल ऐकतो, अन् हात सोडून देतो. ते बैल घुंगरं ऐकून चालते न, तसं."

"म्हनजे इतकी वर्सं मी बैलापुढं कविता म्हनली?"

"आता तसंच समजा. जाऊ द्या ते ओळ, फुडची म्हना. साबन वायून राह्यला."

"जाऊ द्या?" सहदेवरावांचा आवाज एकदम उतरला.

त्यांचे थोरले भाऊ प्रेमानंद यांचं असंच सुरू झालं होतं. आधी शेजाऱ्याचं नाव गेलं, तेव्हा ते 'जाऊ दे' म्हणाले. मग स्वतःच्या शेताची वाट गेली, तेव्हाही 'जाऊ दे' म्हणाले. शेवटच्या वर्षी तर त्यांनी सहदेवरावांना अगदी अदबीने विचारलं, "तुमी कोन्या गावचे?" सहदेवराव 'इथलाच' म्हणाले आणि घरामागे जाऊन रडले. तेव्हापासून रोज सकाळी डोळे उघडले की ते अंथरुणातच एक कविता मनात म्हणून पाहत. कविता जागेवर असली, की आपणही जागेवर आहोत असं समजून उठत. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि आज भर दुकानात, सगळ्यात जुनी, सगळ्यात पाठ असलेली कविता मध्येच तुटली होती.

ते उठले. गळ्यात टॉवेल, गालावर फेस.

"कुठी चालले? अर्धी दाढी हाय."

"ओळ घेऊन येतो. मंग कर."

"मी तशीच करून देतो न. चूप बसा तुमी."

"बिनकवितेचा तुह्या हातावर भरोसा हाय का तुले?"

जहांगीर खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्याने वस्तऱ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या कानाकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाई."

सहदेवराव थेट स्टँडवर गेले. तिथे गोकुळ बसलेला होता. चौथीत दोघे एका पट्टीवर बसत. गोकुळ पुढे एसटीत कंडक्टर झाला, आणि रिटायर झाल्यावरही रोज सकाळी स्टँडच्या बाकावर बसून गाड्या किती उशिरा येतात ते पाहत असे. ते पाहिल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

"गोकुळ, गुराख्याची कविता म्हन."

गोकुळने फेसाकडे पाहिलं. "आंगोय तरी करून आला का?"

"म्हन पयले."

कविता म्हण म्हटल्यावर गोकुळला बसून म्हणता येईना. तो उभा राहिला, हात बाजूला सरळ केले आणि चौथीतल्यासारखा वरच्या पट्टीत सुरू झाला.

"डोंगरमाथी उगवे तारा,
गाईमागे निघे गुराखी,
खांद्यावरती काळे कांबळ,
गाठीला तो भाकर राखी..."

मोताळ्याच्या गाडीसाठी थांबलेल्या बायका पिशव्या खाली ठेवून ऐकू लागल्या. गोकुळला चेव आला. सांज उतरली, वाट हरवली, वासराला थांबवलं, आणि गोकुळने मान डोलावत म्हटलं, "हूं हूं हूं हूं, दूर कुणाची हाक येतसे..."

"थांब," सहदेवराव म्हणाले. "हूं हूं काय?"

"ओळ हाय ते."

"कोनती?"

"कोनती म्हनजे? तेच ते, आपली..." गोकुळने हवेत हात फिरवला. हात रिकामा परत आला. तो हळूच बाकावर बसला. "सहदेव, काल बीपीची गोई घेतली का नाई, ते बी आठवून नाई राह्यलं मले."

म्हणजे आता घाबरलेले दोघे झाले. गोकुळने खिशातून मोबाईल काढला आणि तो तोंडाशी धरून 'थांब वासरा ऐक जरासे' असं सांगितलं. मोबाईलने विचार करून वासरांच्या जंताच्या औषधाची माहिती दिली, आणि खाली गाभण गाईसाठी पेंड कुठे मिळेल तेही दाखवलं. बायकांपैकी एकीला ती माहिती उपयोगी पडली.

"कौशल्याकडे चाल," सहदेवराव म्हणाले. "वर्गात पयली ते होती."

दोघे बाजारातून निघाले. अर्ध्या दाढीचा माणूस भरभर चालला असेल तर त्याला कारण विचारण्याची गावाला गरज नसते, गाव ते स्वतः तयार करतं. पानठेल्यापर्यंत बातमी अशी होती, की सहदेवभाऊंचं आणि जहांगीरचं वाजलं. किराणा दुकानापर्यंत जहांगीरने त्यांना अर्ध्या दाढीवर उठवून दिलं. सहदेवरावांच्या घरी त्यांच्या बायकोच्या, सिंधूताईंच्या, कानावर गेलं, तेव्हा जहांगीरने वस्तरा उगारला होता आणि भाऊ जीव वाचवून स्टँडकडे पळाले होते. सिंधूताईंनी तव्यावरची भाकर तव्यावरच ठेवली, गॅस बंद केला आणि पदर खोचून जहांगीरच्या दुकानाचा रस्ता धरला.

कौशल्याबाईंची पिठाची चक्की चालू होती. आत सगळा पांढरा धूर आणि पट्ट्याचा आवाज. सहदेवराव दारातून ओरडले, "कौशल्या, गुराख्याची कविता येते का?"

"गहू का जवारी?" कौशल्याबाई आतून ओरडल्या.

"कविता. चौथीतली."

"दयन ठेवून जा. दुपारी ये."

मग सहदेवराव आत शिरले. फेसावर पीठ बसायला लागलं. त्यांनी कौशल्याबाईंच्या कानाशी तोंड नेऊन पहिली ओळ म्हटली, आणि कौशल्याबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी डबा खाली ठेवला आणि चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून दुसरी ओळ म्हटली. तिसरीला गोकुळ आला. तिघे म्हातारे पिठाच्या धुरात उभे राहून गुराख्यामागे निघाले. दळण घेऊन आलेल्या लोकांना वाटलं, चक्कीचं काही पूजन असावं, आणि त्यांनी चपला काढल्या.

"थांब, वासरा, ऐक जरासे," तिघे एका सुरात म्हणाले, "हूं हूं हूं हूं."

कौशल्यालाही येत नव्हती. सगळा वर्गच प्रेमानंदभाऊंच्या वाटेने निघाला, असं त्यांना वाटलं. "तू बी भुलली?" ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कौशल्याबाईंनी पाहिलं. त्यांनी पुढे होऊन चक्कीचं बटण बंद केलं.

"काय झालं बे सहदेव?"

एकदम शांत झालेल्या त्या चक्कीत सहदेवरावांनी सगळं सांगून टाकलं. भावाचं, सकाळच्या कवितेचं, आजच्या ओळीचं. जे बायकोला सांगितलं नव्हतं ते त्यांनी चौथीतल्या मैत्रिणीला सांगितलं, आणि दळणाला आलेल्या चार माणसांनीही ते ऐकलं. कौशल्याबाईंनी हात पदराला पुसले. मग त्या हसायला लागल्या. हसताना त्यांच्या केसांतलं पीठ उडत होतं.

"हासून काऊन राह्यली?"

"अरे, ते ओळ आपल्याले कोनी सांगतलीच नाई. भागवत गुरुजी शिकवत न कविता? पुस्तक एकट्या त्यायच्यापाशी. ते म्हनत, आपन मांगून म्हनो. अन् गुरुजीच्या तोंडात सदा तमाखू."

"हाव," गोकुळ म्हणाला. "अन् मंग?"

"मी खिडकीपाशी बसो. 'ऐक जरासे' झालं का गुरुजी माह्या डोक्यावरून वाकत अन् बाहेर पिचकारी मारत. तोंड भरेल, पन ठेका नाई सोडत. हातानं मोजत, हूं हूं हूं हूं. आपन बी हूं हूं हूं हूं. मंग तोंड पुसून फुडची ओळ. एकदा माह्या नव्या दप्तरावर शिंतोडे उडाले, म्हनून तं माह्या ध्यानात हाय. मायनं मलेच मारलं होतं."

सहदेवरावांच्या डोळ्यांपुढे वर्ग उभा राहिला. शेणाने सारवलेली जमीन, मांडीखालची ताडपट्टी, खडूने पांढरं झालेलं गुरुजींचं धोतर, आणि खिडकीपाशी गेलेले गुरुजी. पाठमोरे. एक हात कमरेवर, दुसरा हात हवेत, बोटं मोजत असलेली. गुरुजींना चाळीस पोरांची नावं, त्यांच्या बापांची नावं आणि पुस्तकातल्या सगळ्या कविता पाठ होत्या. कविता म्हणायची असली की ते छडी कपाटावर ठेवत, आणि मग वर्गात कुणालाच कशाची भीती वाटत नसे. इतकी वर्षं गेली, पण तो हवेतला हात सहदेवरावांना अगदी स्वच्छ दिसला.

"इन्स्पेक्टर साहेब आले होते, आठोते?" गोकुळ म्हणाला. "पुरा वर्ग हूं हूं हूं हूं. साहेबानं गुरुजीकडे पाह्यलं, अन् गुरुजीनं खिडकीकडे."

"म्हनजे मी भुललो नाई," सहदेवराव म्हणाले.

"भुलाले पयले मालूम तं पाह्यजे," कौशल्याबाई म्हणाल्या.

सहदेवराव गव्हाच्या पोत्यावर बसले आणि पोट धरून हसले. हसता हसता रडले, आणि त्या पाण्याने गालावरच्या पिठाचा आणि फेसाचा चांगला उंडा मळला गेला. पण एक भीती गेली, तशी दुसरी रुखरुख आली. आयुष्यभर त्या वासराला आपण ऐक ऐक म्हणत आलो, पण काय ऐक? गोकुळच्या मते गाईचं हंबरणं असणार. कौशल्याबाईंच्या मते देवळातली घंटा. सहदेवरावांना वाटलं, नक्कीच फार सुंदर ओळ असणार, इतकी सुंदर की आपल्याला मिळालीच नाही. कौशल्याबाईंनी चक्कीला कुलूप लावलं आणि तिघे बोलत बोलत जहांगीरच्या दुकानाकडे निघाले. दळणवाले लोक आपापले डबे तिथेच ठेवून मागे आले, कारण आता त्यांनाही वासराची काळजी लागली होती.

दुकानात सिंधूताई जहांगीरपुढे उभ्या होत्या.

"वस्तरा काऊन उगारला? काय बिघडवलं होतं त्यायनं तुमचं?"

"वयनी, वस्तरा तं हातातच राह्यते माह्या. धंदाच तो हाय," जहांगीर गयावया करत होता. "ते स्वता उठून गेले, ओळ आनाले."

"ओळ काय किरान्यात भेटते?"

तेवढ्यात सहदेवराव आत आले. सिंधूताईंनी नवऱ्याच्या गालाकडे पाहिलं आणि भांडण विसरून त्या म्हणाल्या, "अवो, हे कनिक कोनं लावली तुमच्या गालाले?"

मग सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. गुरुजी, तंबाखू, दप्तर, इन्स्पेक्टर. सिंधूताईंना त्यातलं इतकंच कळलं, की नवरा ठीक आहे आणि जहांगीर निर्दोष आहे. जहांगीरला इतकंच कळलं, की ओळ अजून सापडलेली नाही आणि गिऱ्हाईक अजून अर्धंच आहे.

जहांगीरचं घर दुकानाच्या मागेच होतं. गलका ऐकून त्याची बायको बिस्मिल्ला ओढणी सावरत पडद्याशी आली. "कोनती कविता म्हनता भाऊ?" तिने विचारलं. "गुराख्याची? डोंगरमाथी उगवे तारा? ते तं मोताळ्याले आमाले होती. माहेरी उर्दू शाळा नवती, मराठीतच शिकली मी."

जहांगीर बायकोकडे पाहत राहिला. "तुले येते? मंग इतकी वर्सं सांगतलं काऊन नाई?"

"तुमी कधी इचारलं?"

"भाभी," सहदेवराव म्हणाले, आणि टॉवेलने हात पुसले. "थांब, वासरा, ऐक जरासे. याच्या फुडं काय हाय?"

बिस्मिल्लाने क्षणभर आठवलं आणि एका दमात, शाळेतल्या हेलात म्हटलं, "थांब, वासरा, ऐक जरासे, आज्ञापालन सुख दे भारी."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो पार लांब जाईपर्यंत सगळे त्याच्याकडेच पाहत होते.

"आखीन एक बार म्हना, भाभी," गोकुळ म्हणाला.

"आज्ञापालन सुख दे भारी. आमच्या बाईंनं पाटीवर कितीक बार लिहून घेतली होती. याच्यावरच मार्क राहे."

"धुकं पडलं," कौशल्याबाई हळूहळू म्हणाल्या, "गाव दिसेना, वाट सापडेना, एवढंसं वासरू, अन् त्याले थांबवून हे सांगतलं?"

"पयला धडा याच विषयाचा असन पुस्तकात," गोकुळ म्हणाला. "तो इथं घुसवला असन."

सहदेवराव खुर्चीत बसले होते आणि आरशात पाहत होते, पण त्यांना दिसत होते भागवत गुरुजी. पिचकारी मारायला गुरुजींना कोणतीही ओळ चालली असती. डोंगरमाथ्याच्या ताऱ्यावर त्यांनी कधी मारली नाही. काळ्या कांबळावर मारली नाही. तोंड कितीही भरलेलं असो, ते बरोबर त्या एका ओळीपर्यंत थांबत आणि मग खिडकीशी जात.

"गुरुजीले मालूम होती ते ओळ," सहदेवराव म्हणाले. "चांगलीच मालूम होती."

कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे, पण त्या दिवसापुरता दप्तरावरच्या शिंतोड्यांचा राग त्यांनी सोडला.

जहांगीरने गरम पाण्याने उंडा सोडवला, पुन्हा फेस केला, वस्तऱ्यात नवं पान घातलं. बाकावर गोकुळ, कौशल्याबाई आणि सिंधूताई दाटीवाटीने बसले, दळणवाले दारात उभे राहिले, बिस्मिल्ला पडद्याशीच थांबली. सहदेवरावांनी तारा उगववला. डाव्या गालावर जहांगीरचा हात चालीत उतरू लागला. सांज आली, धुकं आलं, वासरू थांबलं, आणि जहांगीरने वस्तरा मुद्दाम वर उचलला.

"भाऊ, आता तं भेटली न ओळ. म्हना."

"कोनती ओळ?"

"आत्ता हिनं सांगतली ते."

सहदेवरावांनी डोळे मिटले, उघडले, छताकडे पाहिलं. सकाळी याच खुर्चीत ओळ आठवेना म्हणून ज्या माणसाचं काळीज फाटलं होतं, त्याच्या तोंडावर आता हसू मावत नव्हतं.

"नाई बा," ते म्हणाले. "पार भुललो."

"मी बी," गोकुळ म्हणाला.

"माह्या तं कधी ध्यानातच नाई राह्यली," कौशल्याबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी बिस्मिल्लाकडे पाहिलं. जिने ती ओळ पाटीवर घोटून मार्क मिळवले होते, तिने ओढणी नीट केली आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हटलं, "मले तं येतच नवती."

मग सगळ्यांनी मिळून ती ओळ गुरुजींसारखी म्हटली, आणि जहांगीरचा हात चालू लागला.